भरल्या घराच्या हिशेबाने

ढुंढिराज गायधनींना कुणी कंजूस म्हटलं की अनसूयाबाईंना राग यायचा. कंजूस माणूस स्वतःसाठी साठवतो. यांनी स्वतःसाठीसुद्धा कधी काही मागे ठेवलं नव्हतं. त्यांना फक्त वाया गेलेलं बघवत नसे. नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये त्यांची उभी हयात छापील कागद तपासण्यात गेली होती. कोपऱ्यात शाई जरा पसरलेली दिसली की कागद बाजूला. निवृत्त झाल्यावर ती नजर कुठे तरी ठेवायला हवी होती, तर ती सिडकोतल्या त्यांच्या रो-हाऊसभर फिरू लागली. पंख्याखाली कुणी नाही, पंखा बंद. टीव्हीसमोर कुणाला डुलकी लागली, टीव्ही बंद. अनसूयाबाई फ्रिज उघडून कुठली भाजी काढावी म्हणून क्षणभर थबकल्या, की मागून आवाज यायचा, "विचार आधी करावा, दार मग उघडावं."

इतक्या वर्षांच्या संसारात अनसूयाबाईंना याची सवय होऊन गेली होती. अंधारात चहा कसा गाळायचा हेही त्या शिकल्या होत्या. त्यांच्या जिवाला लागलं ते गेल्या दिवाळीत घडलेलं.

त्यांची एकुलती एक लेक तेजश्री पुण्याहून आली होती. नवरा मनोज, दहावीतून नुकता सुटलेला मयुरेश आणि धाकटी रेवा, असं सगळं लटांबर. घर कसं गजबजून गेलं होतं. नरकचतुर्दशीच्या पहाटे जावयाला तेल लावून झालं, उटणं झालं, आणि मनोज न्हाणीघरात गेला. नाशिकची दिवाळीतली पहाट, बाहेर दात वाजतील अशी थंडी. आत इन्स्टंट गिझर चालू. ढुंढिराज बाहेर पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालत होते. बराच वेळ झाला तरी तिथल्याच बटणाशेजारचा गिझरचा लाल दिवा काही विझेना. शेवटी त्यांचा हात आपोआप गेला आणि त्यांनी बटण बंद केलं.

आतून किंकाळी आली. "बाबा! गिझर!"

डोक्यापासून पायापर्यंत साबण लावून कुडकुडणाऱ्या जावयाला सासऱ्यांनी बाहेरून शांतपणे सांगितलं, "मनोजराव, एका बादलीत अंघोळ होते."

मनोज मोठ्या मनाचा माणूस. तो टॉवेल गुंडाळून हसत बाहेर आला. पण तेजश्री हसली नाही. पोरं आली त्या दिवसापासून 'हे बंद करा, ते बंद करा' ऐकत होती, तेही तिच्या मनात साचलं होतं. तिने फराळाचं ताट तसंच ठेवलं आणि बॅगा भरल्या. भाऊबीजेपर्यंत राहणार होते ते लोक त्याच दुपारी गेले. जाताना ती आईच्या गळ्यात पडली. "आई, तू पुण्याला ये. मी आता इथे नाही येणार. नवऱ्याच्या अंघोळीचं पाणी मोजणारं माहेर मला नको."

तेव्हापासून ती आली नव्हती. फोन रोज करायची, आईला. बाबा कसे आहेत ते विचारायची, पण फोन त्यांना दे म्हणायची नाही. ढुंढिराजही फोन वाजला की कानात प्राण आणून ऐकायचे आणि कुणाचा होता म्हणून विचारायचे, जसं काही त्यांना कळलंच नव्हतं.

फेब्रुवारीत समोरच्या प्रतिभाने गच्चीवर सोलर बसवलं. प्रतिभा शाळेत शिक्षिका, बिनधास्त बाई. सोलर आल्यापासून तिच्याकडे भरदुपारी एसी लावून मुलं लोळत पडलेली दिसायची आणि कुणी कुणाला काही बोलायचं नाही. अनसूयाबाई कठड्याशी उभ्या राहून ते बघत राहिल्या आणि त्यांच्या डोक्यात लख्ख काहीतरी पेटलं. वीज घरचीच झाली तर हे बंद कशासाठी करतील? आणि यांनी बंद करणं सोडलं, तर तेजू येईल.

त्यांनी प्रतिभाकडून नंबर घेतला आणि सोलर बसवणाऱ्या नौशादला परस्पर बोलावून टाकलं.

नौशाद शेख तिशीतला, बोलायला गोड. आधी तो गच्चीवर जाऊन आला. "गच्ची एक नंबर आहे काकू. तिकडे पांडवलेण्यांपर्यंत मधे काही नाही. दिवसभर ऊन. जरा लाइटचं बिल दाखवता?"

ढुंढिराजांनी बिल आणून दिलं. नौशादने ते वाचलं. उलटं करून मागची बाजू वाचली. मग परत पुढची.

"काका, घर बंद असतं का तुमचं?"

"बंद? आम्ही दोघं इथेच असतो. बारा महिने."

नौशादने चहाचा कप खाली ठेवला. "मग खरं सांगू का? मी विकायला आलोय, पण तुम्हाला सोलर नाही परवडत. सबसिडी धरली तरी पैसे वसूल व्हायला उमर निघून जाईल. ज्यांचं बिल तगडं येतं त्यांच्यासाठी आहे हे. तुम्ही तर वीज वापरतच नाही."

अनसूयाबाईंचा चेहरा उतरला. ढुंढिराजांची छाती मात्र फुगली. आयुष्यात पहिल्यांदा एका जाणकार माणसाने त्यांच्या काटकसरीवर शिक्का मारला होता. त्यांनी नौशादला आग्रह करकरून आणखी एक कप चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेले तेव्हा जॉगिंग ट्रॅकवर भेटेल त्याला थांबवून सांगितलं, "सोलरवाला म्हणाला, तुमच्या बिलापुढे आमचं काही चालत नाही!"

अनसूयाबाईंच्या मनात मात्र ते एकच वाक्य रुतून बसलं. घर बंद असतं का तुमचं. त्या भांडी लावत असोत नाहीतर देवापुढे बसलेल्या असोत, ते आठवायचं आणि हातातलं काम तसंच राहायचं.

उन्हाळा आला. तेजश्रीने फोनवर सांगितलं, या सुट्टीत नाही जमणार. अनसूयाबाईंनी फोन ठेवला, पदर खोचला आणि मनाशी ठरवलं. बिल कमी आहे म्हणून सोलर परवडत नाही ना? मग बिल वाढवलं पाहिजे.

ढुंढिराज रोज जेवणाआधी वाचनालयात जायचे, कारण तिथे पेपर फुकट वाचायला मिळतो आणि पंखाही फुकट असतो. ते कोपऱ्यावरून वळले की अनसूयाबाई कामाला लागायच्या. पहिल्या दिवशी बटणावर ठेवलेला हात त्यांनी दोनदा मागे घेतला. चोरी केल्यासारखं वाटलं. मग त्यांनी डोळे मिटून हॉलमधला पंखा लावला, तिथे कुणी नसताना. आकाश कोसळलं नाही. मग कूलर लावला. मग गिझर. मग घरातले सगळे दिवे.

धुणंभांडी करणारी बायडाबाई दारातच थबकली. "काकू, भर दिवसा दिवं? आज काय हाय?"

"काही नाही गं. बस जरा कूलरसमोर."

"काका रागावतील ना."

"काका वाचनालयात आहेत. तू बस."

बायडाबाई बसली. पाच मिनिटांत म्हणाली, "लय भारी वाटतंय ओ."

आठवड्याभरात अनसूयाबाईंना या लबाडीची चटकच लागली. तेजश्रीने कधीकाळी भेट दिलेला ओव्हन माळ्यावर खोक्यात पडून होता, तो खाली आला. त्यात नानकटाई झाली. पहिली जळली, दुसरी अशी खुसखुशीत झाली की बायडाबाईने घरी न्यायला मागितली. मग भजनी मंडळ यांच्याकडे भरू लागलं. कूलरच्या वाऱ्यात बायकांचे पदर उडायचे, टाळ वाजायचे, नानकटाईचा डबा फिरायचा. कित्येक वर्षांत त्या घरात एवढं हसू ऐकू आलं नव्हतं. हे आपण केवळ बिलासाठी करतोय, असं अनसूयाबाई स्वतःला बजावत राहायच्या. ढुंढिराज घरी येईपर्यंत सगळं बंद, सगळं जागच्या जागी आणि त्या आपल्या शांतपणे तांदूळ निवडत.

जूनमध्ये बिल आलं. ढुंढिराजांनी ते दारातच उघडलं आणि तिथेच पायरीवर बसले.

पुढचे दोन दिवस घरात नुसता तपास चालला. त्यांनी सगळी बटणं बंद केली आणि मीटरसमोर टॉर्च घेऊन उभे राहिले. मीटर गप्प. भिंतीला हात लावून ओल बघितली. मागच्या गल्लीत जाऊन कुणी आपल्या तारेवर आकडा टाकलाय का तेही बघून आले. शेजाऱ्यांकडे संशयाने बघू लागले. शेवटी चष्मा लावून कागद-पेन घेऊन बसले.

"मीटरच बिघडलाय. कंपनीकडे अर्ज करतो. आपल्याकडे एवढी वीज जाळणारं आहे कोण?"

अनसूयाबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. खोटं इतकं लांबलं तर उगाच कुणाच्या तरी माथी येईल, हे त्यांना कळलं.

"अर्ज करू नका. मी जाळलीय."

"तू?"

"रोज. तुम्ही वाचनालयात गेलात की."

ढुंढिराजांनी चष्मा काढला. त्यांना रागही येईना, इतके ते चक्रावले होते. "पण का?"

"सोलर परवडावं म्हणून!" आणि मग इतके महिने अडवून धरलेलं सगळं अनसूयाबाईंच्या तोंडून सुटलं. "तो मुलगा म्हणाला, घर बंद असतं का तुमचं. तुम्हाला ती शाबासकी वाटली. मला रडू आलं हो. आपलं बिल तुमच्या हुशारीने कमी येत नाही. घरात माणूसच नाही म्हणून येतं. तेजू नाही, पोरं नाहीत, जावई नाही. कुणासाठी लावायचा दिवा? तुम्ही वाचवलेल्या विजेने मला काय दिलं, एकदा सांगा. मी एकटी कूलर लावून बसले महिनाभर, वेड्यासारखी. आणि खोटं कशाला बोलू, मला खूप बरं वाटलं!"

अनसूयाबाई रडल्या, मग त्यांनी तोंड धुतलं आणि डब्यात उरलेली नानकटाई नवऱ्यासमोरच बसून खाल्ली. मन मोकळं झाल्यावर भूक लागते.

दोन दिवस ढुंढिराज वाचनालयात गेले नाहीत. तेजश्रीच्या जुन्या खोलीत जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी कपडे करून बाहेर पडले आणि दुपारी नौशादच्या स्कूटरवर मागे बसून परत आले.

"काकू, तुम्हीच समजवा यांना," नौशाद हेल्मेट काढत म्हणाला. "आधी बँकेत गेले, एफडी मोडली. आता म्हणतात तीन किलोवॅट लाव. मी म्हटलं काका, तुमच्या बिलाला एकसुद्धा जास्त होतो."

"बिलाकडे बघूच नकोस," ढुंढिराज म्हणाले. "हे घर भरलेलं असताना किती लागेल, त्या हिशेबाने लाव."

"बरं. घरात माणसं किती?"

ढुंढिराज थोडे अडखळले. "सध्या दोन."

अनसूयाबाई आत पाणी आणायला गेल्या होत्या. त्या तिथेच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. या माणसावर आपलं इतकं प्रेम आहे हे त्यांना बऱ्याच दिवसांनी आठवलं.

पावसाळा सरता सरता पॅनल बसले. जाताना नौशादने नियम समजावून सांगितला: दिवसा जी वीज आपण वापरत नाही ती कंपनीकडे जमा होते, लागेल तेव्हा बिलातून वळती होते, आणि मार्चअखेर जे युनिट उरतील ते कंपनी अगदी नाममात्र दराने घेते. ढुंढिराजांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी गच्चीवर जाऊन पॅनल पुसू लागले, नातवंडाचं तोंड पुसावं तसं. प्रतिभाने त्यांच्या मोबाईलवर ॲप टाकून दिलं. त्यात किती वीज तयार झाली ते बघायचं त्यांना वेडच लागलं.

दिवाळी जवळ आली. अनसूयाबाईंनी उत्साहाने लेकीला फोन लावला. सोलरचं सगळं सांगितलं.

"छान केलंत," तेजश्री म्हणाली. "पण बाबांनी बोलावलंय का?"

"अगं, एवढे पैसे घातले त्यांनी, कुणासाठी?"

"आई, मनोजच्या मनात काही नाही. माझ्या आहे. त्यांनी एकदा तोंडाने ये म्हणावं, एवढंच."

अनसूयाबाईंनी नवऱ्याला निरोप दिला. ते म्हणाले, "गच्चीवर एवढं केलंय ते दिसत नाही का तिला?"

"पुण्याहून गच्ची दिसत नाही हो. फोन करा."

"करतो," म्हणाले, आणि केला नाही. दिवाळीला आले-गेले नातेवाईक फराळ करून गेले, पण तेजूची खोली बंदच राहिली. जुन्या माणसांची हीच तर खोड असते. पैसे देतील, जीव देतील, पण एक शब्द मागा, जीभ टाळ्याला चिकटते.

इकडे हिवाळ्यातलं ऊन नाशिकला कसं पडतं! स्वच्छ, कोवळं, दिवसभर. युनिट साठत चालले. दोन म्हाताऱ्या माणसांनी वापरून वापरून किती वापरायचे? आणि मग एक नवलच घडलं. ढुंढिराजांची ती जुनी नजर पुन्हा घरभर फिरू लागली, पण उलटी. ऊन वाया चाललंय हे आता त्यांना बघवेना.

"अंधारात काय वाचतेस? लाव तो दिवा."

"अहो, चांगला उजेड आहे."

"असू दे. लाव."

भर डिसेंबरात ते हॉलमधला पंखा लावायचे. अनसूयाबाई शाल पांघरून बसायच्या. "थंडी वाजतेय मला!"

"मग गिझर लाव. गरम पाण्यात पाय सोडून बस."

बायडाबाई आली की तिच्यामागे इस्त्री घेऊन फिरायचे. तुझ्या पोरांचे शाळेचे कपडे आण, इथेच कर इस्त्री. भजनी मंडळाला तर त्यांनी स्वतः दारात उभं राहून या, या म्हटलं आणि आत जाऊन ओव्हन लावला. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एवढं करूनही ॲपमधला आकडा काही कमी होईना. भरल्या घरासाठी केलेली सोय होती ती, दोघांना कशी संपणार?

मार्च निम्मा सरला. दिंडोरीची द्राक्षं गल्लोगल्ली आली होती. एका दुपारी ढुंढिराज जिन्याच्या पायरीवर मोबाईल घेऊन बसले होते. बराच वेळ. अनसूयाबाई द्राक्षं धुवत होत्या. एकदम त्यांना फोनची रिंग ऐकू आली आणि मग तेजश्रीचा घाबरलेला आवाज, कारण ढुंढिराजांना स्पीकर बंद करता येत नसे.

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. मी काय म्हणतो, इथे युनिट फार साठलेत."

"काय साठलंय?"

"युनिट. सोलरचे. मार्चअखेर ते जवळजवळ फुकटच जाणार. आम्हा दोघांना संपत नाहीत. तर तुम्ही सगळे मार्च संपायच्या आत या. एसी नाही आपल्याकडे, पण मी आणतो. पोरांना काय लावायचं ते लावू दे."

"बाबा, पोरांच्या परीक्षा आहेत. एप्रिलच्या मध्यापर्यंत नाही निघता येणार."

"एप्रिल?"

"हो."

"पण तोवर मार्च संपेल. युनिट जातील सगळे."

"हो ना. जातील."

अनसूयाबाईंनी नळ बंद केला. द्राक्षांचा घड हातात तसाच. आयुष्यभरात या माणसाने उदबत्तीचं उरलेलं टोकसुद्धा वाया घालवलं नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"जाऊ देत युनिट," ढुंढिराज म्हणाले. "तेजू, तू ये. मनोजरावांना म्हणावं, सासऱ्याने बोलावलंय. त्या दिवशी सासऱ्याचं चुकलं, म्हणावं."

पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं, मग हसण्याचं आणि मग मनोजचा गलका, "काय झालं? कोण आहे? बाबा?" अनसूयाबाई पायरीवर नवऱ्याशेजारी जाऊन टेकल्या आणि एकेक द्राक्ष त्यांच्या हातावर ठेवत राहिल्या. तेही मुकाट खात राहिले.

परीक्षा संपल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी दारात उभी राहिली. मयुरेश ढुंढिराजांपेक्षा उंच झाला होता. रेवाने चपला न काढताच गच्ची गाठली. मनोजने वाकून नमस्कार केला, तर ढुंढिराजांनी त्याला मधेच उठवून मिठी मारली आणि नंतर काय करावं हे न सुचून त्याची बॅग उचलली. तेजश्री आपल्या खोलीच्या दारात उभी राहून आत बघत होती. नवा एसी, धुतलेले पडदे, उशांचे कडक इस्त्रीचे अभ्रे.

दिवेलागणीला अनसूयाबाई अंगणात तुळशीपाशी दिवा लावायला आल्या आणि त्यांनी मागे वळून घराकडे पाहिलं. हॉल, स्वयंपाकघर, जिना, वरच्या दोन्ही खोल्या, न्हाणीघर, अगदी माळ्यावरचा बल्बसुद्धा, सगळं उजळलेलं. आत कुणी तरी मोठ्याने भांडत होतं, कुणी हसत होतं, टीव्ही कुणी बघत नसताना चालू होता आणि ढुंढिराज त्याच्यासमोरून खुशाल निघून गेले.

समोरच्या फाटकातून प्रतिभाने विचारलं, "काकू, एवढी रोषणाई! काही कार्य आहे का घरात?"

"नाही गं," अनसूयाबाई म्हणाल्या. "तेजू आलीय."